वडील गोड बोलायला लागले

माझ्या अभिनयाला वडिलांनी आयुष्यात एकदाच ‘छान’ म्हटलं, आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

ऑफिसच्या एकांकिका स्पर्धेत मी एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरचं काम केलं होतं. पडदा पडला, मी तोंडाचा रंग पुसत बाहेर आलो. आई, बायको आणि बाबा स्कूटरच्या स्टँडपाशी उभे होते. मी मान खाली घालून तयार राहिलो, कारण आमच्या घरी नाटक संपलं की दुसरा प्रयोग सुरू व्हायचा आणि त्यात फक्त बाबांना वाक्यं असायची. मागच्या वर्षी मी रंगमंचावर मेलो होतो. बाबा म्हणाले होते, “तू मेलास तेव्हा लोकांनी पहिल्यांदा मनापासून टाळ्या वाजवल्या.” त्याच्या आदल्या वर्षी, “आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. शब्द मात्र मधेच उतरून गेले.”

या वर्षी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, “छान केलंस,” आणि गप्प उभे राहिले.

मी तरंगतच घरी आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चार जणांना सांगितलं, की आमच्या बाबांना काम आवडलं. माझा आनंद इतका आंधळा होता, की ते म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता, हे मला आठवायला नंतर प्रयत्न करावा लागला.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, होते. तीस वर्षं नोकरी. केसाच्या जाडीचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तरी ज्याला झोप लागत नाही, असा माणूस. मग देशानं दारं उघडली, कारखान्यात संगणकावर चालणारी परदेशी यंत्रं आली, आणि बाबांच्या पिढीला सांगण्यात आलं की तुम्ही स्वेच्छेनं निवृत्त व्हा. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्त हे झाले. त्याच सुमारास मी कोथरूडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक गोंधळणार, अशी तेव्हा हवा होती, आणि ते गोंधळू नयेत म्हणून मी दिवसभर दोन आकडी सालांचे चार आकडी करत बसायचो. बाबा म्हणायचे, “माझी नोकरी खाल्ली त्या यंत्राच्या चुलतभावाला तू दिवसभर भरवतोस.”

हे त्यांचं शेवटचं चांगलं वाक्य. त्यानंतर वाक्यं येईनाशी झाली.

आता खरं सांगायचं, तर घरात आम्हाला बरं वाटलं. धायरीला नवा फ्लॅट घेतला होता, गॅलरीतून शेतं दिसत होती, त्या शेतांत इमारतींचे खांब उगवत होते, आणि इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीला नाव ठेवणारा माणूस अचानक कशालाच नाव ठेवत नव्हता. चहा गार झाला, गप्प. वर्तमानपत्र उशिरा आलं, गप्प. एके दिवशी आई आमटीत मीठ घालायला विसरली. बायकोनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी वाटीभर आमटी पिऊन टाकली, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन बसले. “निवळले हो,” आई देवापुढे हात जोडून म्हणाली. बायको लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. पुण्यात राहणारा माणूस आजारी पडला आणि घरच्यांना वाटलं त्याला वळण लागलं, असं दुसऱ्या कुठल्या शहरात झालं असेल, असं मला वाटत नाही.

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. रोज दाढी करणारे बाबा तीन-तीन दिवस करेनात. कपडे ढगळ झाले. पहाटे चारलाच उठून बसलेले असायचे. आणि एके दिवशी मी स्कूटर दुरुस्तीला नेली, तर गॅरेजवाल्याच्या फळीवर बाबांचा केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर. लाकडी डबीतला, मलमलीत गुंडाळलेला, ज्याला लहानपणी मी हात लावला म्हणून धपाटा खाल्ला होता, तोच.

“तुमच्या वडलांनी दिला,” गॅरेजवाला म्हणाला. “म्हटले, ठेव, मला आता काय मोजायचंय.”

मी घरी येऊन हे आईला एक मजेदार गोष्ट म्हणून सांगितलं. आई हसली नाही.

आमचे नेहमीचे डॉक्टर धायरी फाट्यावर होते. त्यांनी रक्त तपासलं, साखर तपासली, ताकदीचं औषध दिलं, पंधरा दिवसांनी छाती पुन्हा ऐकली आणि मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, “शरीरात मला तरी काही सापडत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.” एका चिठ्ठीवर नाव आणि पत्ता लिहून दिला.

चिठ्ठी आठवडाभर माझ्या खिशात राहिली. ऑफिसात एकाला हळूच विचारलं, की मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांत फरक काय. तो म्हणाला, “एक शॉक देतो, दुसरा चौकोनी ठोकळे जुळवायला देतो.” यापेक्षा जास्त माहिती त्या मजल्यावर कुणाकडे नव्हती, आणि तिथं तीस पदवीधर बसत होते.

खरी अडचण वेगळी होती. बाबा येणार नाहीत, याबद्दल आमच्या तिघांचं एकमत होतं. तीस वर्षं ज्यानं स्वतःच्या हातानं सगळं मोजलं, त्याला कोण सांगणार की आता तुम्हाला दुसऱ्याकडून मोजून घ्यायचंय? आईनं तोडगा काढला. “आपण ज्योतिषाकडे पत्रिका घेऊन जातोच ना? ज्याची पत्रिका तो कुठं बरोबर असतो? तूच जाऊन सांग आणि औषध घेऊन ये. मी चहातून देईन.”

तोडगा चांगला होता, पण माझ्यातल्या नटाला तो अपुरा वाटला. दुसऱ्याच्या वतीनं गेलो तर डॉक्टर औषध देणार नाहीत, एवढं मला कळत होतं. मग मीच बाबा झालो तर? लक्षणं मला तोंडपाठ होती. दोन महिने मी पहिल्या रांगेत बसून बघत होतो. आरशासमोर चार दिवस तालीम केली. खांदे पाडले, बोलण्याआधी दोन श्वासांचं अंतर ठेवलं, नजर समोरच्याच्या खांद्यापलीकडे लावली. पोशाख म्हणून बाबांचा रात्रपाळीचा राखाडी स्वेटर घातला. बायको दारात उभी राहून म्हणाली, “अहो, एप्रिल चाललाय.”

“भूमिकेची गरज आहे,” मी म्हणालो.

दवाखाना टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत केस उपटणारी, भिंतीशी बोलणारी माणसं असतील अशी माझी तयारी होती. तिथं एक कॉलेजची मुलगी वहीतलं काहीतरी पाठ करत होती, एक म्हातारं जोडपं एकच वर्तमानपत्र दोघांत वाचत होतं, आणि टाय लावलेला एक माणूस घड्याळाकडे बघत होता. त्या खोलीत वेडसर दिसणारा एकच इसम होता आणि त्यानं भर उन्हाळ्यात स्वेटर घातला होता. कंपाउंडरनं माझ्याकडून केसपेपर भरून घेतला. नाव, पत्ता, वय.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या. सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. “बसा. काय होतंय?”

मी दोन श्वास थांबलो. पंखा फिरत होता. त्यांच्या खांद्यापलीकडे कॅलेंडर होतं, तिकडे नजर लावली. “काही नाही,” मी विझत्या आवाजात म्हणालो. “काहीच होत नाही.” मनात म्हटलं, वा.

“कधीपासून?”

“नोकरी सुटली तेव्हापासून.”

“कुठं होतात?”

“कारखान्यात. टूलरूममध्ये.” इथं मी हातांकडे बघितलं. हे तालमीत नव्हतं, आपोआप आलं. “तीस वर्षं.”

बाईंनी चष्मा लावला, केसपेपर वाचला, चष्मा काढला. “इथं वय एकोणतीस लिहिलंय. जन्माआधी वर्षभर कामाला लागलात का?”

मी इतक्या वर्षांत अनेक वाक्यं विसरलो आहे, चुकीच्या दारातून आत आलो आहे, एकदा मिशी हातात आली आहे. पण इतका पुरता आपटलो नव्हतो.

“स्वेटर काढा,” त्या म्हणाल्या. “घामानं निथळताय. आणि सांगा, घरात कोण आहे असं?”

“वडील.”

“ते का नाही आले?”

“ते येणार नाहीत.”

“विचारलंत?”

“म्हणजे, त्यांचा स्वभाव तसा—”

“स्वभाव नंतर. विचारलंत का?”

मी आठवून बघितलं. मी विचारलं नव्हतं. आईनं नाही, बायकोनं नाही. आमच्या घरी बाबांना सरळ प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. टोमणा यायचा, आपण उलटा टोमणा मारायचा, त्यातून काय ते एकमेकांना कळायचं. तो एकच रस्ता होता आणि तो बंद पडल्यावर आम्ही तिघंही अलीकडे उभे राहिलो होतो.

“नाही,” मी म्हणालो. मग चार दिवसांची तालीम आणि चहाची योजनाही सांगून टाकली.

“चहातून?” बाई म्हणाल्या. “आणि ते बरे झाले की श्रेय चहाला. हे बघा, मी पत्रिका बघत नाही, माणूस बघते. ज्याला बघितलं नाही त्याला औषध देत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला तर नाहीच. आम्ही इथं करतो काय, असं वाटतं तुम्हाला?”

“कोचावर झोपवून लहानपण विचारता. नाहीतर...” मी शॉकचा शब्द गिळला.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा. “कोच ठेवू कुठं? मी आधी डॉक्टर आहे हो. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांसारखीच शिकले, मग पुढं या विषयात शिकले. मी पण आधी हेच बघते की थायरॉइड आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू आहे का. मग झोप, भूक, काम, माणसं. आता सांगा.”

तिथून पुढं अर्धा तास त्या विचारत होत्या आणि मी माझ्याच वडिलांच्या परीक्षेत नापास होत होतो. झोप लागायला उशीर होतो की लवकर जाग येते? वजन किती कमी झालं? पूर्वी कधी असं झालं होतं? त्यांच्या भावंडांत कुणाला? सकाळी जास्त वाईट असतं की संध्याकाळी? निम्म्या प्रश्नांना माझं उत्तर एकच, माहीत नाही. काहीतरी ठोस सांगावं म्हणून मी मायक्रोमीटरची गोष्ट सांगितली. ती सांगताना थोडा अभिनयही केला, गॅरेजवाल्याच्या आवाजासकट.

बाईंचं पेन थांबलं. “मला आता काय मोजायचंय, असं म्हणाले?”

“हो.”

“जवळची वस्तू देऊन टाकली. आणखी काही दिलंय? कागदपत्रं आवरली?”

मला गेल्या रविवारी बाबांनी आईला बँकेची पुस्तकं कुठं असतात ते दाखवल्याचं आठवलं. आम्ही त्यालाही निवळणं म्हटलं होतं. मी तेही सांगितलं.

“पुढच्या आठवड्यात नाही, उद्या आणा,” त्या म्हणाल्या. “तोवर त्यांना एकटं ठेवू नका. आणि आज घरी गेलात की स्पष्ट विचारा, जगू नये असं वाटतं का.”

“असं विचारलं तर त्यांच्या डोक्यात नसेल तेही येईल.”

“नाही येत. असेल तर विचारल्यानं सांगता येतं. न विचारल्यानं एकट्याजवळ राहतं. चार दिवस तालीम केलीत म्हणता, मग एक वाक्य जमेल.”

ते एक वाक्य घेऊन मी स्वारगेटवरून धायरीपर्यंत स्कूटर चालवत आलो, आणि आजवर कुठल्याही भूमिकेचं वाक्य मला इतकं जड गेलं नाही. संध्याकाळ होत होती. बाबा गॅलरीत खुर्चीवर, समोरच्या अर्धवट इमारतीकडे तोंड करून. मी दारातच उभा राहिलो. खांदे कसे ठेवायचे, आवाज कुठून काढायचा, काही सुचेना.

“बाबा, जगू नये असं वाटतं का तुम्हाला?”

समोर गवंडी हातपाय धुऊन घरी निघाले होते.

“मरावं, असं नाही,” ते म्हणाले. “सकाळी जाग येऊ नये, असं वाटतं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“सांगितलं का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

हा टोमणा नव्हता. मोजून सांगितलेलं माप होतं. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी खाली जमिनीवर बसलो. “उद्या डॉक्टरांकडे जायचंय. मनाच्या. मी आज जाऊन आलो.”

“किती वाजता?” बाबा म्हणाले.

बस, एवढंच. ज्या नकारासाठी आम्ही चहा, पत्रिका आणि स्वेटर असा सगळा संसार मांडला होता, तो नकार त्यांच्याकडे नव्हताच.

दुसऱ्या दिवशी बाबा बाईंच्या खोलीत पाऊण तास होते. आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही, बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग मला आणि आईला आत बोलावलं, तेही बाबांना विचारून. “हे तुमच्यासमोर बोललं तर चालेल असं त्यांनी सांगितलंय,” त्या म्हणाल्या. आजाराला नैराश्य म्हणतात, हा आळस नाही आणि स्वभावही नाही, बरा होतो, वेळ लागतो. थायरॉइडची तपासणी करायची. गोळी लहान मात्रेनं सुरू करायची. “पहिले दोन आठवडे फरक वाटणार नाही, उलट मळमळेल. नेमक्या त्याच वेळी लोक गोळ्या सोडतात. तुम्ही सोडायच्या नाहीत. आणि कितीही बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.” गोळ्या महिनाभर आईकडे राहतील, हेही बाबांसमोरच ठरलं. शिवाय दर मंगळवारी तिथं एक मानसशास्त्रज्ञ यायच्या, त्यांच्याशी तासभर बोलायचं.

मी संधी साधून विचारलं, “म्हणजे त्या आणि तुम्ही, फरक काय?”

“त्या औषध लिहीत नाहीत. मी लिहिते. बोलणं दोघींचं काम आहे, पण त्यांच्याकडे तास असतो.” मग माझ्याकडे बघून, “आणि ठोकळे कुणीच देत नाही.” मी ठोकळ्यांचं कधी बोललो होतो, कोण जाणे. बहुतेक घाबरून सगळंच बोलून गेलो असणार.

मंगळवारच्या बाईंनी बाबांना दिवसभरात काय केलं ते लिहायला सांगितलं. बाबांनी शाळेची चौकटीची वही आणली आणि टूलरूमच्या शिस्तीत लिहिलं. फिरणे, सहा अडतीस ते सात चार. दाढी, सात वीस ते सात एकतीस. काही दिवशी नुसतंच, पडून होतो, आणि पुढं वेळ. तिसऱ्या आठवड्यात ते जास्तच खचल्यासारखे वाटले, आई रडली, मी ऑफिसातून बाईंना फोन केला. त्यांनी त्याच दिवशी बोलावलं, बाबांशी बोलल्या, मात्रा थोडी बदलली. चमत्कार असा कुठल्याच दिवशी झाला नाही.

“घरी काय बघत राहू?” असं बायकोनं एकदा डॉक्टर बाईंना विचारलं होतं. “आधी जे करायचे आणि आता करत नाहीत, ते परत येतंय का ते बघा,” त्या म्हणाल्या होत्या. बायकोनं हे स्वतःच्या पद्धतीनं घेतलं. दर बुधवारी ती सगळ्यांच्या नकळत आमटीत मीठ घालायची नाही. चार बुधवार बाबांनी अळणी आमटी मुकाट्यानं संपवली. आम्हीही संपवली, आम्हाला वाटलं पथ्य आहे.

पाचव्या बुधवारी बाबांनी पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, “मीठ आज आलंच नाही, की रजेचा अर्ज दिलाय?”

आत पळी पडल्याचा आवाज आला. बायको बाहेर आली, डोळ्यांत पाणी, आणि मला म्हणाली, “अहो, ऐकलंत ना? मला बोलले!” सासऱ्यांनी नाव ठेवलं म्हणून सुनेनं शेजारी पेढे वाटल्याचं उदाहरण धायरीत तरी दुसरं नसेल. पुढच्या खेपेला बाईंनी ते वाक्य केसपेपरवर लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं.

पुढच्या महिन्यात बाबा गॅरेजवर गेले आणि डबी काखेत मारून आले. “त्यानं फळीवरचे कागद उडू नयेत म्हणून तो वर ठेवला होता,” एवढंच म्हणाले. गोळ्या जवळजवळ वर्षभर चालल्या, मग बाईंनीच हळूहळू कमी केल्या.

स्वेटरची गोष्ट मी त्यांना पुढच्या वर्षी सांगितली. पुन्हा स्पर्धा झाली होती, घरी आलो होतो, चहा चालला होता. सगळं करून दाखवलं, दोन श्वास, पाडलेले खांदे, कॅलेंडरकडची नजर, तीस वर्षं आणि एकोणतीस वय. आई हसून हसून ठसकली. बाबा शेवटपर्यंत गंभीर.

“हा मी?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच.”

“बाईंनी किती वेळात पकडलं?”

“तीन मिनिटांत.”

बाबांनी कप खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

“पूर्ण तीन मिनिटं बघत बसल्या? मी तुझ्या आईला सांगतच होतो, डॉक्टर फार चांगल्या आहेत.”